मांडीतली सळई

लटारू: आन् मी पडलो तवा लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते, डॉक्टरसाहेब. वन्समोर म्हनत होते.

डॉक्टर: नाटकात उडी होती का?

लटारू: नाई जी. हिरोइनच्या मागं पळाचं होतं. पळता पळता स्टेज सरलं.

भागीरथा: पन्नाशीचा मानूस. तळ्यात जाळं ओढताना दम लागते, आन् नाटकात कालेजातला पोट्टा झाला.

लटारू: ही बायको नाईच म्हने, साहेब. पन मले मिशा काळ्या कराची हौस. खाली पडून बोंबललो, तं लोकं म्हने, लटारूनं आज जीव ओतला.

डॉक्टर: लटारूभाऊ, मांडीचं हाड मधोमध मोडलंय. उद्या ऑपरेशन करू. हाडाच्या पोकळीत स्टीलची सळई घालायची, वर-खाली स्क्रू. हाड सरळ जुळेल, लवकर उभं करता येईल.

लटारू: सळई तं स्लॅबात घालते जी. आमचं घर कवेलूचं हाय. असंच पायाले वजन बांधून ठेवा. पडून राह्यतो. पडाची आता सवय झाली.

डॉक्टर: तसंही जुळतं कधी. पण महिनोन्‌महिने खाटेवर, आणि पाय आखूड राहायची भीती.

भागीरथा: यायच्या मोठ्या भावानं, डोमाभाऊनं, मोडला पाय गावातच बांधून घेतला होता. तो आखूड झाला. आता तळ्यात उतरता येत नाई. पाळीवर बसून दुसऱ्याची मासोळी पाह्यते. तुमी करा ऑपरेशन.

लटारू: पाय माहा, आन् हुकूम तुहा?

भागीरथा: पाय तुमच्या हुकुमात असता, तं स्टेजवरच थांबला असता.

(ऑपरेशन होऊन गेलं आहे. लटारू वॉकर धरून खाटेजवळ उभा.)

लटारू: हात लावू नको. पाय लटलट करते, पन मी उभा हावो.

भागीरथा: दिसून राह्यलं.

लटारू: दोन्ही पाय बरोबर हायेत म्हने डॉक्टर. आता मले जाळलं तरी लोखंड उरन. भंगारवाला तरी आठवन काढन.

भागीरथा: काई चांगलं बोला.

लटारू: खरं सांगू? कमरेत सुई देली तवा मी रडलो. सिस्टर म्हने, दुखते का? दुखत कायचं. भेव लागून राह्यलं होतं. वाटलं, आता काई आपलं पोंभुर्णा गाव दिसत नाई. आन् मले आत नेलं तवा तू अशी उभी होती, जशी बाजाराले आली.

भागीरथा: मले बी भेव होतं.

लटारू: तुले? मंग बोलली काऊन नाई?

भागीरथा: दोघंबी भेलो असतो, तं ऑपरेशनच्या कागदावर अंगठा कोनं लावला असता?