रानातलं मीठ आणि काचेतला समुद्र

…न्हाई रं, घाई कुठं हाय मला? बसलोय न्हवं तुझ्या खुर्चीत? लाव साबण, निवांत लाव… फकस्त त्यो वरचा पंखा फिरतोय का तेवढं सांग. मान वर केली तर तू वरडतोस, आन् आरशात पंखा दिसंना. फिरतोय? झ्याक. मंजी लाईट हाय. मंजी घरात पंप चालू हाय. मंजी बंड्या जित्ता हाय. चल, लाव साबण.

हसताय व्हय रं बाकड्यावरचे? हसा! हसायला काय जातंय तुमचं? तुमास्नी सांगतो, औंदा उसाला तुरा आला तवा मी येवढा घाबरलो न्हाई, कृष्णंचं पाणी रानात शिरलं तवा बी न्हाई, पण ह्या बोटायेवढ्या माशानं माझी झोप उडवलीया. मासा बघा केवढा? ह्येवढा! नारंगी, अंगावर पांढरं पट्टं, नाव बंड्या. आन् त्येच्यापायी मी, मानसिंग, बारा एकर उसाचा मालक, दाढी करताना पंखा बघतोय!

आता मला सांगा, आपल्या कृष्णाकाठाला शत्रू कोण? मीठ! बरुबर का न्हाई? पाणी पाजून पाजून रानाला मीठ फुटलं, पांढरंफेक झालं, गवत उगवंना. ते मीठ काढायला मी रान खणलं, खाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या, चर मारलं, अर्धी हयात गेली माझी मीठ बाहीर काढण्यात! आन् आता? आता पुण्यास्नं मिठाची बादली मागवतो, काट्यावर तोलतो, पाण्यात कालवतो आन् समोरच्या खोलीत काचेच्या पेटीत वततो. पैलं रानातलं मीठ काढायचं, मग घरात मीठ घालायचं. आमची म्हातारी असती तर तिनं मला देवऋष्याकडं न्हेलं असतं.

कुणी करायला लावलं? सुनंनं. आवं, वाईट न्हाई सून, सोन्यासारकी हाय, म्हणून तर अडचण हाय! वाईट असती तर मासा मेला काय आन् ऱ्हायला काय. आमचा दिग्विजय मिल्ट्रीत, तुमास्नी ठावं हाय. लगीन ठरवलं त्येनं स्वताच, पोरगी वेंगुर्ल्याची. नाव सृष्टी. जन्मल्यापास्नं दारात समुद्र. लगीन करून पोरगं गेलं ड्युटीवर, पार तिकडं सिक्कीमच्या डोंगरात, आन् ही पोरगी आमच्या उसात! चारी बाजूला ऊस. पैल्या आठवड्यात बघतो तर मागल्या दारात बसून रडतीया. आमच्या बायकोनं, लीलाबाईनं इचारलं, “काय झालं गं बाई? कोण बोललं का?” तर म्हणती, “नाही आई… लाटांचा आवाज येत नाही ना, झोपच लागत नाही.”

आता लाटा कुठनं आणू मी? मोटर चालू केली तर पाण्याचा आवाज येतोय, पण ती बी शेतीची लाईट यील तवाच! मग दिग्विजय सुट्टीवर आला आन् त्येनं ही पेटी बसवली. काचेची. आत पंप, वर निळी लाईट, खाली पांढरी वाळू, दगुड, दगडाला चिकटल्याली कोरलं… मंजी जित्ती फुलंच म्हणा, उघडत्यात, मिटत्यात. आन् बंड्या. पोरगी हसायला लागली गड्या! रोज सकाळी त्येच्याशी बोलायची. आमाला बी बरं वाटलं. मी म्हणलं, सुटलो.

सुटतोय व्हय मी!

पैलं बाळंतपण, मंजी म्हायेराला जायाचं. जाताना पोरीनं मला पेटीम्होरं उभं केलं. “मामा, हे बघा. पाणी रोज आटतं, तेवढंच वरून घालायचं, पण गोडं, फिल्टरचं. मीठ घालायचं नाही, मीठ उडून जात नाही. तांब्या-पितळेचं भांडं पाण्याला लावायचं नाही. खाणं चिमूटभर. हात साबणाचे नकोत. आणि पंप बंद पडता कामा नये.” मी म्हणलं, आगं पोरी, मी आजवर धा हौद सांभाळलं, म्हशीच्या पाण्याचा हौद, गुऱ्हाळाचा हौद… तर बोट वर करून म्हणती, “मामा! समुद्र आहे तो, हौद नव्हे!”

समुद्र आहे तो, हौद नव्हे. जिवाला लागलं की माझ्या ते वाक्य!

गाडी वळणावर गेली न्हाई तवर लीलाबाई माझ्याजवळ यिऊन हळूच म्हणती, “आवं, नीट ऐका. पोरीचा जीव त्या माशात हाय. पोरगा तिकडं डोंगरात, हितं तिचं म्हणावं असं त्येवढंच एक हाय. ते मेलं, तर ती म्हायेरास्नं कशापायी यील? बाळ बी तिकडंच ऱ्हाईल.” झालं! बोलून ती गेली भाकरी थापायला, आन् मी पेटीम्होरं खुर्ची टाकून बसलो.

पंखा फिरतोय न्हवं रं? हां. चालू दे.

तवापास्नं माझं काय आयुष्य! उठलं की तोंड धुयाच्या आदी पेटी. बंड्या कुठं हाय? दगडामागं हाय. जित्ता हाय का? कल्ला हलतोय का? चष्मा लावून कल्ला बघायचा. त्येनं जांभई दिली तरी मला वाटायचं, गेला! मग एक नळी असती, दुर्बिणीवानी, पाण्याचा थेंब सोडायचा आन् उजेडाकडं बघायचं, आत मिठाचा आकडा दिसतो. मी दारात उभा ऱ्हाऊन रोज आभाळाकडं नळी लावायचो. गल्लीत बोंब झाली, मानसिंगतात्या विमानं बघत्यात.

आन् उनाळा आला गड्या, पेटीतलं पाणी तापाय लागलं. मग काय, बाटल्यांत पाणी भरून बरफ करायचा आन् त्यो समुद्रात सोडायचा. फ्रीज सगळा बाटल्यांनी भरला. लीलाबाई दुधाचं पातेलं घिऊन हुबी. “आता दूध कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?” मी म्हणलं, ठिव, पण हळू, बंड्या दचकतोय.

पाव्हणं यायचं ते बी एकेक! आपल्यात पाव्हण्यानं जनावराला घास दिल्याबिगर जाऊ ने, ही रीतच. कुणी बिस्कुट आणायचं, कुणी शेंगदाणं. एक जण तर जत्रंतनं आला आन् खिशातनं चिरमुरं काढलं! मी पेटीम्होरं आडवा पडलो. “घालू नगा! समुद्र हाय त्यो, हौद न्हवं!” त्यो म्हणतो, “आरं मग समुद्राला तर किती बी खायला लागत आसंल की.” मी चिरमुरं हिसकून घेतलं आन् म्हशीला घातलं.

आन् लाईट. लाईटचं नाव काढू नगा. हां… फिरतोय न्हवं? बरं. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा सपली, मासा गुदमारतो. काय म्हणलास, इन्व्हर्टर? हाय की इन्व्हर्टर! पण समुद्राचं पाणी तपासायच्या नादात बॅटरीत पाणी घालायचं ऱ्हायलं माझ्याच्यानं, गेली बॅटरी. नवी कवा मिळंल तवा मिळंल. मग पाणी हातानं हलवायचं. कशानं? धातू तर चालत न्हाई. शेवटी माळ्यावरनं ताकाची लाकडी रवी काढली, धुतली आन् बसलो घुसळत. दुपारचं ऊन, घामाच्या धारा, मी समुद्र घुसळतोय, आन् स्वैपाकघरातनं आवाज येतोय, “लोणी आलं की सांगा हो!”

हितपातूर बी ठीक होतं. पण ह्यो जोतीराम… बसलाय बघा, पेपरामागं तोंड घालून बसलाय! बाजूला कर त्यो पेपर, जोतीराम! एक दिवस कोरलं उघडंनात. मिटून बसली. रंग बी फिका. मला काय सुचंना, पोरीला सांगावं तर तिचं दिवस भरत आल्यालं, आशा वक्ताला कसं सांगायचं? तर ह्यो आला. वाकून बघितलं, रानात बघतोय तसं, आन् जाणत्यावानी म्हणतो, “तात्या, पिवळी पडलीत. अन्न कमी पडतंय. डोस द्या.”

आता तुमीच सांगा! उसाचं पान पिवळं पडलं की आपुन काय करतो? डोस देतो! हात आपसुक पोत्याकडं जातोय का न्हाई? माझा बी गेला. एकोणीस-एकोणीस-एकोणीस. फवारणीचं, इरघळणारं खत. लय न्हाई, चिमूटभर. नखावर मावंल येवढं. टाकलं. वर ह्यो जोतीराम म्हणतोय, “बघा आता फुटवा कसा येतोय!”

आला की फुटवा! आसा फुटवा मी हयातीत बघितला न्हाई! कोरलाला न्हवं, शेवाळाला! काच हिरवी, दगुड हिरवं, वाळू हिरवी, पाणी तर आसं, जसा काय आपला गावतळ्याचा काठ. बंड्या दिसंना! मी काचंला नाक लावून हाका मारतोय, बंड्या… ये बंड्या… डोळ्याला पाणी आलं माझ्या, खरंच सांगतो, हसू नगा. मला मासा दिसत नव्हता, मला वेंगुर्ल्याची गाडी दिसत हुती, रिकामी येताना.

मग पाणी बदलायचं सत्र. फिल्टरचं पाणी भरा, मीठ तोला, कालवा, नळीतनं बघा, जुनं काढा, नवं वता. काच घासा. परत हिरवी. परत काढा, परत वता. आन् रोज संध्याकाळी फोन, त्यो बी तोंड दिसणारा! “मामा, बंड्या कसा आहे? जरा कॅमेरा तिकडं करा ना.” मी म्हणायचो, रेंज न्हाई. दुसऱ्या दिशी म्हणलं, लाईट न्हाई. ती म्हणाली, “मामा, तुमच्या डोक्यावर ट्यूब चालू आहे.” फोन कापला मी! सुनंचा फोन कापला! लीलाबाईनं पदराखालनं मीठ-मोहऱ्या आणल्या आन् पेटीवरनं उतरल्या. मी म्हणलं, आगं, मिठातल्या माशाची मिठानं दृष्ट काढतीस व्हय? ती म्हणती, “तुमच्या डोसापरीस बरं!”

त्यात तिकडनं सांगावा आला, नात झाली. गावभर पेढं वाटलं. पण माझ्या वाटणीचा पेढा तसाच ठिवून मी काच घासत बसलो.

आन् आली की ती! व्याह्यांची गाडी दारात. लीलाबाई भाकरतुकडा घिऊन उंबऱ्यात, ओवाळलं, तुकडा टाकला, पोरीच्या पायावर पाणी घातलं. मी मागं, पेटीच्या म्होरं, धोतराचा सोगा पसरून हुबा. काच झाकली जाईल तेवढी बरी. पोरगी आत आली, लेकरू माझ्या हातात दिलं, आन् बसली न्हाई, पाणी पिली न्हाई, सरळ पेटीकडं. मला बाजूला व्हायला लागलं. हातात लेकरू, काय करणार?

वाकून आत बघितलं. निम्मी कोरलं गेल्याली, दगडावर हिरवं तसंच. मग दगडामागनं नारंगी नाक बाहीर आलं. बंड्या! वाळलाता जरा, पण जित्ता!

“मामा,” ती म्हणाली, “काय घातलंत ह्यात?”

मी म्हणलं, “एकोणीस-एकोणीस.” दुसरं काय सांगणार? आन् मग माझ्याच्यानं ऱ्हावंना, सगळं भडाभडा बाहीर आलं. म्हणलं, पोरी, चुकलं माझं, माझ्या हातनं समुद्र नासला, पण मासा जित्ता हाय, तेवढं बघ, आन् परत जाऊ नगंस. ही आमची नात घिऊन परत जाऊ नगंस!

तशी ती वळली. डोळं भरल्यालं, आन् हसतीया. म्हणती, “मामा, मी काय माशासाठी परत आले असं वाटलं तुम्हाला? आणि शेवाळ तर येणारच. समुद्र आहे तो, हौद नव्हे!” मग जरा थांबली, म्हणाली, “खरं सांगू? तिकडं दारात एवढा समुद्र, आणि मला झोपच लागेना. ह्या पंपाची घुरघुर कानावर पडत नव्हती ना.”

मी लेकराच्या टाळूवर हात ठिवला आन् पंपाकडं कान दिला.

मग सगळं ठीकच झालं की, म्हणताय? ठीक कुठलं! ऐका की फुडं. पाळणा बांधला पेटीशेजारी. आन् पोरीनं नातीला बी तीच सवय लावली. पंप घुरघुरला तर नात झोपणार. पंप थांबला की टक्क डोळं उघडणार आन् आळी जागी करणार! आदी लाईट गेली की एका जिवाचा घोर, आता दोन जिवांचा. त्यात व्याह्यांनी बाळंतविड्यात झबली धाडली, टोपरी धाडली, वाळवल्यालं सुकट धाडलं आन् गाडीच्या टपावर बांधून काय धाडलं? दुसरी पेटी! पैलीच्या दुप्पट! म्हणं, नातीचा समुद्र. त्यात बंड्याला जोडीदारीण येणार हाय म्हणं…

…काय झालं रं? वस्तरा का थांबवलास? वर काय बघतोय?

पंखा!

थांबला? खरंच थांबला? आरं तिच्या… सरक, सरक बाजूला! ऱ्हाऊ दे ती एका गालाची, संध्याकाळी करू! थांबा, फोन वाजतोय… हां पोरी, बोल, निघालोच… व्हय, ऐकू येतंय, नातीचा आवाज हितपातूर येतोय… आई कुठं हाय? पाळण्यापाशी हाय? बरं, बरं… रवी कुठं ठिवलीया? दुसऱ्या पेटीत? आलो, आलो!

जोतीराम, माझी पायताणं दे! बघताय काय रं सगळी? वाटणी झालीया आमच्या घरात. पाळणा आजी हलवती, समुद्र आजानं हलवायचा!