कप्तानाचा पाय

चहा घ्या, अन् मंग सांगा लोकाइची बुद्धी किती ते. माया देर, म्हणजे नवऱ्याचा लहान भाऊ शंकर, आमच्या मुर्री गावच्या फुटबॉलचा कप्तान होता. रेल्वेच्या साहेबानं त्याले म्हटलं, "आमच्याकडून खेळ, नौकरी देतो." तो साफ नाही म्हणून आला. साहेबानं बोलावलं हे गावभर झालं, पण यानं नाही म्हटलं हे फक्त मले माहीत.

रेल्वेसंगच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, धान कापलेल्या वावराच्या बांधीत खेळताना धानाचं धसकट त्याच्या तळव्यात घुसलं. "वहिनी, कोणाले सांगू नोको, पोरं खचतीन," म्हणे. तसाच अनवाणी खेळला, अन् समोरचा उघडा गोल चुकला.

संध्याकाळी आमच्याच ओट्यावर माणसं जमली.

"काऊन चुकला? नौकरीवर डोळा हाय!"

"अरे, सात वर्सं मुर्रीसाठी खेळून राहिला तो."

"म्हणूनच तं भाव वाढला!"

मी आत त्याच्या पायाले हळद लावून राहिली होती. तरातरा उठली, तं त्यानं हात आडवा केला. "बस वहिनी. आता सांगशीन तं बहाणा म्हणतीन."

पाय चिघळला, तो जन्माचा लंगडा झाला. मुर्री सोडून कुठं गेला नाही. तरी मरेपर्यंत मुर्रीनं त्याले एकाच नावानं हाक मारली. रेल्वेवाला.