मागून आलेली हाक

सुट्टीचा दिवस होता. शिखरावरून धबधब्यांपर्यंत चालत उतरलेली माणसं परतीच्या बसच्या रांगेत होती. माझ्यापुढची बाई फुरंगटून उभी होती, तरी नवऱ्यासाठी जागा धरून होती. तो धापा टाकत आला.

“बाबा कुठायत?”

“मला काय विचारतोस? तुझ्याबरोबर होते ना?”

“शिखरावर तू तणतणत निघालीस, तेव्हा तेच म्हणाले, ‘सूनबाईची समजूत मी काढतो.’ आणि तुझ्यामागे आले.”

“माझ्यामागे कुणी नव्हतं. फक्त तू हाक मारलीस, वाट फुटते त्या वळणावर.”

“मी कुठे हाक मारली?”

“‘थांब गं जरा’ म्हणालास. तुझाच आवाज होता.”

“अगं, मी तर कितीतरी मागे होतो. फोनवरसुद्धा तू आम्हा बापलेकांचे आवाज ओळखायला नेहमी चुकतेस!”

“अरे देवा.”

“काय झालं? बोल ना.”

“मी मागे वळूनही बघितलं नाही. ओरडले, ‘माझ्या मागे येऊ नकोस!’”

“म्हणजे ते दुसऱ्या वाटेने गेले. ती तर थेट धबधब्याच्या कड्यावर जाते.”

“सगळी शेवाळलेली आहे ती. आणि त्यांचा गुडघा तसा!”

“फोन लाव.”

“लागत नाहीये.”

“बरं, तू इथेच थांब. बस आलीये, ड्रायव्हरला थांबवून ठेव. मी बघून येतो.”

“ड्रायव्हरला तू सांग. मी चालले.”

“एकटी कुठे जातेस? ऐक माझं!”

“तुझ्या हाकेला ते येतीलच रे. पण नको म्हणाले ती मी. बोलवायलाही मलाच गेलं पाहिजे.”