सीलबाईंची धाकटी बहीण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या बाई, त्यांच्या घरची मंडळी, इमर्जन्सी पथकातले माझे सहकारी, आणि चहा येणार हे कळल्यापासून दाराजवळच्या खुर्च्या न सोडणारे मीटर विभागातले मित्रहो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंना आई म्हटलं, सावली म्हटलं, एकाने तर दीपस्तंभही म्हटलं. मी बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण मला यातलं काही अनुभवाला आलं नाही. मला अनुभवाला आली ती बोलणी. गाडीत पाना जागेवर नसला की बोलणी, आणि जागेवर असला तर तो पुसला का नाही म्हणून बोलणी.

शहरात अर्ध्या वस्तीला बाईंचं नाव ठाऊक नाही. लोक त्यांना सीलबाई म्हणतात, आणि ते लाडाने म्हणतात असं समजण्याचं कारण नाही. धोका दिसला की बाई गॅसच्या मीटरचा कॉक बंद करणार, त्याला सील ठोकणार, लाल पट्टी अडकवणार, आणि मग बोलणार. एका खानावळवाल्याने ऐन गर्दीच्या वेळी हात जोडले होते, "बाई, एवढी जेवणं उरकू द्या." बाई म्हणाल्या, "उरकतील ती जेवणंच असतील कशावरून?"

मी आज एकच प्रसंग सांगणार आहे. बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण तिखटमीठ लावू नकोस." माझ्याकडे ते नाहीच, हे माझी बायकोही सांगेल.

बाईंना एक धाकटी बहीण आहे. दोघींच्या पाठीवर आणखी कुणी नाही. काही वर्षांपूर्वी धाकटीकडे तिच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. बाई मदतीला म्हणून सकाळीच गेल्या. हात धुवायला न्हाणीघरात शिरल्या आणि वर पाहिलं, तर गॅसच्या गीझरला धूर बाहेर टाकणारं नळकांडंच नव्हतं. आपल्याला इथे समजावून सांगायला नको, पण घरच्या मंडळींसाठी सांगतो. तो धूर खोलीत कोंडला की त्याचा वास येत नाही, ठसका लागत नाही, माणूस अंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. गीझरला वेगळा कॉक नव्हता. बाईंनी सगळ्या घराचाच गॅस बंद केला आणि सील लावलं. ओट्यावर निम्मा स्वयंपाक तसाच राहिला. विहिणीला पाव आणि फळं वाढावी लागली.

धाकटी म्हणाली, "माणसं जेवून जाईपर्यंत गीझर लावला नसता आम्ही. एवढा विश्वास नव्हता तुझा?" बाई म्हणाल्या, "नव्हता." झालं! त्या दिवसापासून दोघींचा अबोला. बाई बरोबर होत्या का? शंभर टक्के. पण बरोबर असण्याने घर चालतं का, हे मला विचारू नका, मी पाइपांचा माणूस आहे.

पुढे एका हिवाळ्यात पाणीपुरवठ्याचा पाइप फुटला, त्यातल्या पाण्याच्या माऱ्याने आमच्या पाइपला भोक पडलं आणि गॅसच्या पाइपमध्ये पाणी शिरलं. पूर्ण गल्लीचा गॅस बंद. दुपारपर्यंत पाणी उपसून दुरुस्ती झाली. पण गॅस पुन्हा सोडायचा तर प्रत्येक घरात जाऊन शेगडीची बटणं बंद आहेत हे डोळ्यांनी पाहावं लागतं. कुणाची शेगडी चालू राहिली असेल, तर आच नाही आणि गॅस मात्र खोलीभर. म्हणून एक जरी घर राहिलं तरी गल्ली थांबते.

सगळी घरं झाली, एक राहिलं. आमचा फिटर खाली येऊन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरच्या ताई दार उघडत नाहीत. म्हणतात, तुमच्या बाईंना वर पाठवा."

बाई सकाळपासून त्या इमारतीकडे पाठ करून उभ्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गल्लीत माणसं जमलेली. कुणाचं तान्हं मूल, कुणाचे म्हातारे सासरे, गरम पाणी नाही, चहा नाही. एक गृहस्थ आम्हाला आमच्या पगाराची आठवण करून देत होते. मी बाईंना म्हटलं, "नियमात तोड आहे. जिन्यात त्यांच्या घराचा कॉक आहे. बाहेरूनच बंद करू, सील लावू, बाकी गल्ली चालू करू."

सल्ला चोख होता. आजही मी तोच देईन. बाईंनी पिशवीतून सील आणि पक्कड काढली, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा सील लावलं असतं, तर ते दार जन्मात उघडलं नसतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला त्यांची कीव आली. बाईंची कीव येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्या जिना चढायला लागल्या. मी मागोमाग.

आम्ही बेल वाजवत नाही, ठिणगीची भीती. बाईंनी दार ठोठावलं.

"कोण आहे?"

"गॅस खातं."

"खात्याशी माझं काही काम नाही."

खालून गल्लीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"अगं, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"ताई."

कडी निघाली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. धाकटी म्हणाली, "केस किती पिकले गं तुझे." बाई म्हणाल्या, "शेगडी दाखव."

शेगडीची बटणं बंद होती. ओट्यावर धुतलेले तांदूळ, चिरलेली भाजी. मी सुटकेचा श्वास सोडतो तोच बाई न्हाणीघरात गेल्या. गीझरचं नळकांडं काढून कोपऱ्यात उभं केलेलं!

"रंगारी आला होता," धाकटी हळूच म्हणाली. "दोन-चार दिवसांत बसवतो म्हणाला."

मंडळी, मी देवभोळा नाही, पण तेव्हा मनात म्हटलं, देवा, आजचा दिवस या बाईला डोळेझाक करू दे. पण बाई त्या बाईच. त्यांनी पक्कड हातात घेतली. आवाज मात्र माझ्या ओळखीचा नव्हता.

"छोटे, मला हे बंद करावं लागेल गं. तू पुन्हा बोलणार नाहीस, ठाऊक आहे मला. नको बोलूस. पण तुला काही झालं, तर मी अबोला धरायचा कुणाशी?"

धाकटी टॉर्च घेऊन आली आणि मीटरवर उजेड धरला. "लाव," म्हणाली. "नीट लाव. मागच्या वेळी वाकडं लागलं होतं."

गल्लीचा गॅस चालू झाला. घरोघर शेगड्या पेटल्या, एक घर सोडून. आम्ही सामान भरत होतो, तेवढ्यात धाकट्या ताई जिन्यावरून उतरल्या. एका हातात तांदळाचं पातेलं, दुसऱ्या हातात भाजीची परात. थेट आमच्या गाडीत, बाईंच्या शेजारी बसल्या. "तुझ्याकडे गॅस आहे ना? मग भात तुझ्याकडे लावू."

मी दुय्यम अधिकारी. इमर्जन्सीच्या गाडीत बाहेरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम बाईंनीच आम्हाला घोकून घेतलेला. मी तो त्यांच्या लक्षात आणून दिला.

बाईंनी पातेलं आपल्या मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "इथे बाहेरचं कोण आहे?"

मी गाडी सुरू केली.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सभागृहाने चहा लांबवून ऐकून घेतलं, आपल्या सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर तो माझा अडाणीपणा समजून पोटात घालावा. आणि त्या दिवशी गाडीत बसलेल्या त्या प्रवाशाबद्दल खात्याने आम्हा दोघांनाही उदार मनाने माफ करावं, ही विनंती.