बेल आणि दिवा

बायको : इस्त्रीला हे काळं काय चिकटलंय?

नवरा : सर्किट.

बायको : माझ्या इस्त्रीला?

नवरा : चुकून थोडं. बाकीचं बोर्डावर नीट उतरलंय. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, तांब्याच्या बोर्डावर पालथी ठेवायची आणि वरून इस्त्री दाबायची. शाई तांब्याला धरते. मग बोर्ड द्रावणात बुडवला की उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. त्याच आपल्या वायरी.

बायको : गुळगुळीत कागद आपल्या घरात कुठला? थांबा. माझ्या मासिकाचं शेवटचं पान कुठंय?

नवरा : गोष्टीतल्या दोघांचं शेवटी लग्न होतं. मी वाचलं छापण्याआधी.

बायको : वा! आणि द्रावण कशात केलंत?

नवरा : निळ्या झाकणाच्या डब्यात. तो आता आपला नाही असं समज.

बायको : एका दिव्यासाठी एवढा संसार मोडायचा?

नवरा : मोडू नये म्हणूनच चाललंय. मागच्या खेपेला पोरगी तासभर दाराबाहेर उभी होती. शेवटी शेजारणीच्या गच्चीतून उडी मारून आत आली. काय म्हणाली?

बायको : "तुम्हाला दोघांनाच ठेवणं आता बरोबर नाही."

नवरा : आज पुन्हा येतेय. दार उघडलं नाही तर सामान बांधूनच नेईल आपल्याला. बेल दाबली की हा दिवा मिनिटभर लुकलुकेल. तुझ्यासाठी करतोय, तुला कमी ऐकू येतं.

बायको : मला? त्या दिवशी मी झोपले होते. तुम्ही तर पेपर वाचत बसला होतात.

नवरा : अग्रलेख होता. लक्ष लागतं.

बायको : बरं, मग लुकलुकवा.

नवरा : तेवढंच राहिलंय. ही चिप बसत नाही. पहिला पाय जिथे हवा तिथे आठवा येतोय.

बायको : म्हणजे?

नवरा : कागद पालथा घातला की चित्र उलटतंच. मला वाटलं आपणच उलटवायला हवं, म्हणून आधीच उलटं छापलं. चार दिवस गेले. आता काही जमत नाही बघ. बांध सामान.

बायको : एवढ्यात हातपाय गाळू नका. बाही उलटी कापली गेली तर मी कापडच उलटं करते. ती चिप पलीकडून न बसवता तांब्याच्या बाजूनेच बसवली तर?

नवरा : असं करत नाहीत.

बायको : कोण बघायला येतंय?

नवरा : ...बसेल. सगळे पाय जागेवर येतात. पण ही पद्धत नव्हे.

बायको : पद्धत राहू द्या. डाग देऊन जोडून टाका.

(बऱ्याच वेळानंतर. सोल्डरचा धूर विरलेला, वायर दारापर्यंत गेलेली.)

नवरा : बेल बॅटरीवर आहे, शॉकची भीती नाही. आता फक्त कुणीतरी दाबायला हवी.

बायको : अहो, लागला!

नवरा : लुकलुकतोय! सर्किट चाललं!

बायको : आलीच वाटतं. तुम्हाला ऐकू आली ना बेल?

नवरा : स्पष्ट. तुला?

बायको : मला तर जिन्यातली पावलंसुद्धा.

नवरा : मग उघड दार.

बायको : उघडते. आधी त्या दिव्यावर टोपी घाला.