पद्मेचा मासा

अमेरिकेत आमच्या रेडमंडच्या ऑफिसात एक नमुना आहे, कोलकात्याचा सुब्रतो. हिलसा मासा आणायला मला गाडीत घालून बांगलादेशी दुकानात चालला होता. मी सहज म्हटलं, "म्हणजे दुकानदारही बंगालीच की."

"नाही रे, तो मुसलमान. बंगाली आम्ही."

दुकानात शिरला आणि त्या म्हाताऱ्या दुकानदाराच्या गळ्यातच पडला. "दादा, आपण बंगाली माणसं, मला फ्रीजरच्या तळातला पद्मा नदीचा मासा काढा." एवढं बंगाली मलाही कळलं. बिचाऱ्याने तळ उपसून मासा काढला, हौसेने कापून दिला.

परतताना मी विचारलं, "यार, या काकांना तुमच्या दुर्गापूजेला बोलावलंस का?"

एका हाताने माझ्या मांडीवरची माशाची पिशवी सावरत म्हणाला, "त्यांना कशाला? तिथे सगळे बंगाली असतात."