शिपायाचा पुकारा

आता कोर्टाचं काढलंच तुम्ही, तर माझंही ऐका. केदारखेड्यात माझ्या शेताची वाट शेजाऱ्यानं नांगरून टाकल्ती, त्याची तारीख होती. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात गेल्ते. जाताना बजावून गेले, "बाबा, दारापासून हलू नका. शिपाई तीनदा पुकारतो. तुम्ही न्हाई दिसले तर केस खारीज." मंग काय! घसा कोरडा पडला तरी उठायची सोय न्हाई. माझा एक कान आधीच गेलेला, दुसरा दाराकडं लावून बसून राह्यलो.

तेवढ्यात शहरातली एक पोरगी आली. कायद्याचं मोठं शिक्षण घेतलेली. गरिबाचे हक्क अन् कोर्ट यावर ती पुस्तक लिहून राह्यल्ती. नेमकी चांगल्या कानापाशी बसली.

"बाबा, कायद्यानं तुम्हाला कोणते हक्क दिलेत, माहीत आहे?"

"हां, हां." आतून कोणाला तरी पुकारल्यासारखं वाटलं.

"बोलायची सक्ती नाही हं. नकार द्यायचाही हक्क आहे तुम्हाला."

"बरं, माय."

एवढ्या मायेनं विचारणाऱ्या लेकराला नकार कसा द्यावा? आत पुन्हा पुकारा झाला. नाव काही कळंना. जीव नुसता खालीवर.

"शेवटचं विचारते. न्याय मिळण्यात सगळ्यात मोठी अडचण कोणती वाटते?"

"रागवू नको माय. सध्या तर तूच."

पोरगी एकदम गप झाली, अन् माझं नाव बराबर ऐकू आलं. मी काठी सावरून उठेस्तोवर तीच दारात पळाली अन् ओरडली, "हजर आहेत!"